राजाच नाचत असेल तर बॅले बघत कोण होतं?

उशिरा_सुचलेली:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वयाच्या ४३व्या वर्षी मी बॅलेच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. घरचे अजून हसतात. आठ महिने झाले आणि माझी निम्मी ताकद अजून पावलं बाहेरच्या बाजूला वळवण्यातच खर्ची पडते. गुडघे कुरकुरतात, पण तो वेगळा विषय. आमच्या बाई एकामागून एक फ्रेंच शब्द सोडत असतात: प्लिए, तांद्यू, जते, पा द बुरे. एकदा न राहवून विचारलं, सगळं फ्रेंचच का? "राजदरबारात जन्मलं म्हणून," एवढं बोलून त्या पुढच्या रांगेकडे वळल्या.

मग मी वाचायला बसले आणि जास्तच गोंधळले. जिथे तिथे लिहिलेलं असतं की पहिला बॅले १५८१ साली पॅरिसमध्ये झाला, 'राणीचा बॅले'. त्याची जुनी चित्रं शोधून काढली. एकही बाई चवड्यांच्या टोकावर उभी नाही. झगे जमिनीवर लोळताहेत. एका चित्रात तर बायका चक्क कारंज्यावर बसल्यात! मध्येमध्ये म्हणे भाषणं होती, गाणी होती, आणि हे सगळं साडेपाच तास चाललं. यात बॅले नेमका कुठे आहे?

दुसरं म्हणजे चौदावा लुई स्वतः नाचायचा. मला आपलं वाटायचं की राजे सिंहासनावर बसून इतरांचा नाच बघतात. राणी नाचणार, राजा नाचणार, सरदारही नाचणार, तर समोर बसून बघत कोण होतं?

आणि कॅथरीन द मेदिचीने लग्नात इटलीहून बॅले आणला, हे खरं का? आंदण म्हणून?


पाचवं_पाऊल:

उलट्या क्रमाने घेतो, कारण ती आंदणाची गोष्ट मोडीत काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कॅथरीनचं लग्न १५३३ साली मार्सेयला झालं. ती १४ वर्षांची होती आणि नवरा राजाचा दुसरा मुलगा, म्हणजे ती पुढे राणी होईल असंही तेव्हा कुणी धरून चाललं नव्हतं. परक्या मुलखात आलेली एवढीशी नवरी पेटाऱ्यातून नृत्यकला काढते, ही कल्पना गोड आहे. प्रत्यक्षात इटालियन वादक आणि नृत्यगुरू आले ते वीसेक वर्षांनी, आणि तेही फौजेच्या वाटेने. उत्तर इटलीतला पिएमाँत तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. तिथला सेनापती मार्शल ब्रिसाक याच्याकडून १५५५च्या सुमारास एक व्हायोलिनवादक पॅरिसच्या दरबारात आला, बाल्दासारे दा बेल्जोयोझो. फ्रेंचांनी ते नाव आपल्या जिभेला सोयीचं करून घेतलं, बाल्ताझार द बोज्वायो. तो कॅथरीनच्या खास सेवकांत दाखल झाला आणि तुम्ही म्हणताय तो १५८१चा बॅले त्यानेच बसवला. 'बॅले' हा शब्दही इटालियन 'बालेत्तो'वरूनच आला. तेव्हा कॅथरीनचं श्रेय आहे, भरपूर आहे, पण आश्रयदाती म्हणून. नवरी म्हणून नव्हे.

आणि 'राणीचा बॅले' यातली राणी कॅथरीन नाहीच. ती तेव्हा ६२ वर्षांची राजमाता होती. ही राणी म्हणजे तिची सून लुईज द लोरेन, तिसऱ्या हेन्रीची बायको. लुईजच्या बहिणीचं लग्न राजाच्या लाडक्या ड्यूक द ज्वायजशी लागलं. त्या लग्नाचे सोहळे दिवसेंदिवस चालले, त्यातला एक दिवस राणीने आपल्या अंगावर घेतला आणि बोज्वायोला बोलावून फर्मावलं, काहीतरी कर. खजिन्यात खडखडाट असताना ही उधळण चालू होती. पिएर द लेतवाल नावाचा एक पॅरिसकर रोजनिशी लिहायचा, त्याने तीत याबद्दल चांगलीच आगपाखड करून ठेवली आहे.

आता तुमचं कारंजं.

ज्या दालनात हे झालं ते लूव्र राजवाड्याला लागून असलेल्या पती-बूर्बों वाड्यात होतं. मी एकदा खास ते शोधायला गेलो होतो. लूव्रच्या पूर्वेला ती मोठी स्तंभांची रांग आहे ना, तिच्यासमोर नोव्हेंबरच्या पावसात तासभर उभा होतो. बघायला काहीही नाही. १६६०मध्ये लूव्र वाढवायचा म्हणून ते दालन पाडलं. उरलंय ते बोज्वायोने १५८२ साली छापलेल्या पुस्तकातलं चित्र, आणि त्या चित्रात तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

त्यात रंगमंच नाही, हे आधी बघा. लांबट दालन, एका टोकाला छताखाली राजा आणि राजमाता, दुसऱ्या टोकाला जादूगारीण सर्सीची बाग. एका बाजूला पान देवाची राई, समोरच्या बाजूला सोनेरी ढगांचा घुमट, त्यात वादक दडलेले. मधली सगळी जमीन मोकळी. भिंतींना लागून वर दोन मजली सज्जे, आणि माणसं तिथे दाटीवाटीने उभी. म्हणजे बहुतेकांनी हा नाच वरून पाहिला!

वरून पाहणाऱ्याला पावलं काय दिसणार? झग्याखालचे पाय तर मुळीच नाहीत. त्याला दिसतात जमिनीवर उमटणाऱ्या आकृत्या. चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, तो मोडून दुसरा, एकात एक गुंतलेले. बोज्वायो स्वतः बॅलेची व्याख्या साधारण अशीच करतो: अनेक वाद्यांच्या मेळावर एकत्र नाचणाऱ्या माणसांची भूमितीतली गुंफण. शेवटच्या मोठ्या नाचात अशा ४० आकृत्या होत्या, आणि स्वारी फुशारकी मारते की प्रत्यक्ष आर्किमिडीजलाही ही प्रमाणं याहून चांगली कळली नसती. नम्रता हा त्याचा गुण नव्हता.

कारंजं म्हणजे चाकांवरचा रथ. त्यावर जलदेवता होऊन बसलेल्या बारा जणी, त्यांतली एक खुद्द राणी लुईज. बाकी कथा थोडक्यात सांगतो. सर्सीच्या तावडीतून निसटलेला एक गृहस्थ धावत येऊन राजाच्या पाया पडतो, मला वाचवा म्हणतो. सर्सी नाचणाऱ्या जलदेवतांना जागच्या जागी थिजवते. मर्क्युरी ढगातून उतरून त्यांना सोडवतो, तर ती त्यालाही थिजवते. अखेर ज्युपिटर गरुडावरून उतरतो, तिच्यावर वीज पडते, आणि मिनर्व्हा तिला धरून आणून कुणाच्या पुढ्यात उभी करते? कथेतल्या कुठल्या देवाच्या नव्हे. दालनाच्या टोकाला बसलेल्या तिसऱ्या हेन्रीच्या. रात्री दहाला सुरू झालेलं हे प्रकरण पहाटे साडेतीनला आटोपलं. त्याच्या नावात 'कॉमिक' असा शब्द आहे, पण त्यात हसण्यासारखं काही नाही. गद्य-पद्य संवादांचं सलग नाटक, एवढाच त्याचा तेव्हाचा अर्थ.

शेवटी राणीने आणि तिच्या सख्यांनी पुरुषांना सोन्याची पदकं वाटली, प्रत्येकावर एक समुद्री प्राणी. राणीने राजाला दिलेल्या पदकावर डॉल्फिन होता. फ्रेंचमध्ये डॉल्फिनला आणि युवराजाला एकच शब्द आहे, दोफां. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती आणि मूल नव्हतं. म्हणजे साडेपाच तासांच्या त्या देखाव्याच्या शेवटी एका बाईने सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात काय ठेवलं, बघा.

तर "यात बॅले कुठे आहे" याचं माझं उत्तर: जमिनीवर आहे. तुमच्या अंगात तो यायला अजून शंभर वर्षं लागायची होती.

राजा का नाचायचा, ते जेवून आल्यावर लिहितो.


टाचणी:

वाचतेय. फक्त एक टाचणी: १५८१ला 'पहिला' म्हणणं म्हणजे छापून आलं तेच पहिलं असं धरणं. त्याच बोज्वायोने १५७३मध्ये त्विलरी बागेत पोलंडच्या वकिलांसाठी बॅले बसवला होता, १६ स्त्रिया म्हणजे फ्रान्सचे १६ प्रांत. आकृत्या तिथेही होत्या. पण १५८१चं पुस्तक चित्रं आणि स्वरलिपीसकट निघालं, म्हणून मान त्याचा.


पाचवं_पाऊल:

टाचणीताई बरोबर टोचतात. मुद्दा मान्य. उलट त्याच्याही आधीचं एक उदाहरण देतो, कारण राजे का नाचत हे त्यावरून नीट कळतं.

ऑगस्ट १५७२. कॅथरीनची मुलगी मार्गरीत कॅथलिक, आणि तिचं लग्न लावलं प्रोटेस्टंटांचा पुढारी नवारचा हेन्री याच्याशी. दोन पंथ दहा वर्षं एकमेकांचे गळे कापत होते, ते लग्नाने थांबावं म्हणून. त्याच पती-बूर्बोंच्या दालनात खेळ झाला, 'प्रेमाचा स्वर्ग'. एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक. स्वर्गाचे रखवालदार राजा नववा चार्ल्स आणि त्याचे भाऊ. चाल करून येणारे सरदार म्हणजे नवरामुलगा आणि त्याचे सोबती. ते हरतात आणि त्यांना नरकात ओढून नेतात. मग अप्सरांचा तासभर नाच होतो, आणि त्यानंतर कैद्यांना माफी. ही २० तारखेची गोष्ट. २४ तारखेच्या पहाटे पॅरिसच्या रस्त्यांवर प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली.

हे कळल्यापासून मला दरबारी बॅलेला 'करमणूक' म्हणायला जीभ रेटत नाही. कोण कोणाच्या शेजारी उभा राहणार, कोण कोणापुढे गुडघा टेकणार, हे सगळं तिथे दाखवलं जायचं आणि अख्खा दरबार ते वाचायचा. त्यामागे एक विश्वासही होता. १५७०मध्ये कवी बाईफ आणि संगीतकार कूर्व्हील यांनी राजाच्या परवान्याने काव्य-संगीताची अकादमी काढली. ग्रीकांसारखं शब्द, सूर आणि ताल एकजीव झाले तर माणसांची मनंही ताळ्यावर येतील, अशी त्यांची धारणा होती. आज भाबडं वाटतं. पण बाहेर यादवी चाललेली असताना बंद दालनात ४० आकृत्या न चुकता पार पाडणं यात मला कुठेतरी कासाविशीच दिसते.

आणि "बघत कोण होतं" याचं खरं उत्तर असं की बघणारे तेच, जे एरवी नाचायचे. बॅले संपला की सगळे मिळून सामान्य नाच सुरू व्हायचे. पावलं दोन्हीकडे तीच, पावान, गाल्यार्द, कूरांत, ब्रांल. सज्ज्यातल्या सरदाराला खालच्या सरदाराचं पाऊल चुकलेलं तत्काळ कळायचं, कारण त्याने स्वतः लहानपणापासून तेच घोटलेलं असायचं.

माझं इथलं नाव त्या गाल्यार्दवरून आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या नाचांच्या एका शिबिरात गेलो होतो. सहा मात्रांत पाच पावलं. चार वेळा पाय आळीपाळीने पुढे झटकायचे, पाचव्या मात्रेला अंतराळी, सहाव्याला खाली येऊन एक पाय पुढे, ऐटीत स्थिर. लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी सहाव्या मात्रेला दर वेळी भलत्याच दिशेला तोंड करून उतरायचो, आणि 'ऐटीत' हा भाग तर तीन दिवसांत एकदाही जमला नाही. शिकवणारी बाई म्हणाली, सरदाराचा मुलगा असतात तर तुमचं लग्न जमलं नसतं.

ती हे उगाच म्हणाली नव्हती. ही पावलं आपल्यापर्यंत आली ती लांग्र गावच्या एका पाद्र्यामुळे. झेहान ताबुरो त्याचं नाव. नावातली अक्षरं उलटीपालटी करून त्याने 'त्वानो आर्बो' हे टोपणनाव घेतलं आणि १५८९च्या सुमारास नाचाचं पुस्तक छापलं. त्यात कायदा शिकून आलेला एक तरुण त्याच्याकडे येतो, नाच येत नाही म्हणून मुलींपुढे फजिती होते सांगतो. पाद्रीबुवा शांतपणे समजावतात की नाच हवाच, कारण त्यातून जोडीदार निरोगी आहे का, धडधाकट आहे का, ते कळतं. नाचानंतर चुंबनाची मुभा असते, तेव्हा तोंडाला नासक्या मांसासारखी घाण येते का, याचाही उलगडा होतो. पाद्री लिहितोय हे!


उशिरा_सुचलेली:

अगागा. आमच्या वर्गात हे सांगितलं तर अर्धे लोक यायचे बंद होतील.

पण अजून माझा लुई आला नाही. आणि "अंगात यायला शंभर वर्षं" हे काय? माझ्या गुडघ्यांचा गुन्हेगार कोण, तेवढं नाव सांगा.


टाचणी:

चौदाव्याआधी तेरावा. तोही नाचायचा. २९ जानेवारी १६१७, 'रनोची सुटका', लूव्रमध्ये. १५ वर्षांचा राजा अग्नीचा राक्षस झाला होता. जादूगारिणीच्या मोहातून सुटणारा वीर रनो म्हणजे राजाचा खास मित्र ल्युईन. सगळ्यांना इशारा कळला असणार, कारण राज्य तेव्हा राजाची आई आणि तिचा मर्जीतला कोंचिनी चालवत होते. तीन महिन्यांच्या आत, २४ एप्रिलला, कोंचिनीला लूव्रच्या दाराशी गोळ्या घालून मारलं. राजाच्या संमतीने.

हाच राजा १६३५मध्ये काळ्या कस्तुर पक्ष्यांच्या शिकारीवर एक बॅले करतो, शांतीयीला. चाली स्वतःच्या, पोशाख स्वतःचे. हा मला त्या राक्षसापेक्षा जास्त आवडतो. छंदिष्ट माणूस बिचारा.


पाचवं_पाऊल:

टाचणीताईंनी माझं अर्धं काम केलं. आता लुई.

फेब्रुवारी १६५१. फ्रोंदचं बंड चालू आहे, सरदार आणि न्यायालयं राजसत्तेविरुद्ध उठलेली. पॅरिसमध्ये अफवा पसरली की राजमाता मुलाला घेऊन पळणार. रात्री लोक राजवाड्यात घुसले, राजा दाखवा म्हणाले. राजमातेने त्यांना थेट शयनगृहात नेलं. १२ वर्षांचा लुई अंथरुणात डोळे मिटून पडला होता, झोपेचं सोंग घेऊन. लोक एकेक करून वाकून बघून गेले. आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला त्याच मुलाने आपला पहिला बॅले नाचला. मी या दोन तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या प्रथम पाहिल्या तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो.

दोन वर्षांनी बंड मोडलं. लोकांना नको असलेला मंत्री माझारें फेब्रुवारी १६५३च्या सुरुवातीला पॅरिसला परतला आणि २३ तारखेला पती-बूर्बोंमध्ये 'रात्रीचा बॅले' झाला. बांसरादने काव्य लिहिलं, यंत्रं तोरेल्लीची. रात्रीचे चार प्रहर, चाळीसहून जास्त प्रवेश. दुकानदार, चोर, भिकारी, चेटकिणी, आग लागलेलं घर, खोटी नाणी पाडणारे, सगळी अंधारातली दुनिया. १४ वर्षांचा लुई त्यात पुन्हापुन्हा वेगळ्या सोंगात येतो आणि शेवटी पहाट होते तेव्हा उगवता सूर्य होऊन येतो. त्या पोशाखाचं चित्र शिल्लक आहे: डोक्यावर पिसांचा तुरा आणि किरणं, छातीवर सूर्य, गुडघ्यांवर सूर्य, बुटांवरसुद्धा सूर्य. 'सूर्य-राजा' हे बिरुद पुढे त्याला कायमचं चिकटलं. कालपर्यंत बंड करणाऱ्या शहराला आज सांगितलं जात होतं की रात्र संपली.

त्या रात्री नाचणाऱ्यांत २० वर्षांचा एक फ्लॉरेन्सचा पोरगा होता, ल्युली. राजाच्या चुलतबहिणीला इटालियन बोलायचा सराव हवा म्हणून आणलेला. तीन आठवड्यांत तो राजाचा वाद्यसंगीतकार नेमला गेला. चढणाऱ्यांची चाल पाहावी तर ल्युलीची.

आता गुन्हेगार. एक नव्हे, दोन आहेत, एक इमारत आणि एक माणूस.

इमारत म्हणजे तेराव्या लुईचा मुख्य मंत्री रिशल्य याने आपल्या वाड्यात १६४१ साली उघडलेलं नाट्यगृह. उंच मंच, पुढे कमान, प्रेक्षक समोर. पुढे वाडा राजाकडे गेला आणि त्याचं नाव पॅले रॉयल झालं. पती-बूर्बों पाडलं तेव्हा तिथे खेळ करणारा मोलिएर बेघर झाला, त्याला राजाने हे नाट्यगृह दिलं. १६७३मध्ये मोलिएर गेला, आणि ल्युलीने मोलिएरच्या मंडळींना बाहेर काढून तिथे आपला ऑपेरा मांडला. सज्ज्यातून खाली बघायची सवय सुटली. आता प्रेक्षक समोरून बघतो. समोरून जमिनीवरचा चौकोन दिसतच नाही, एक रांग दिसते फक्त. मग भूमिती दाखवायची कुठे? नाचणाऱ्याच्या अंगात. पाय बाहेर वळवला की समोरच्याला त्याची पूर्ण रेघ दिसते, आणि समोरचं तोंड न फिरवता बाजूला सरकता येतं.

माणूस म्हणजे पिएर बोशां, राजाचा नृत्यगुरू. पायांच्या पाच स्थिती त्याने ठरवल्या असं मानतात. छापून त्या १७००मध्ये फोयेच्या नृत्यलिपीच्या पुस्तकात आल्या. तिथे पाच 'चांगल्या' आहेत आणि पाच 'खोट्या', बोटं आत वळवलेल्या. ताई, तुम्ही ज्या चुका करता त्यांनाही रीतसर क्रमांक आहेत. बरं, तेव्हा पाय आजच्यासारखे सपाट सरळ रेषेत वळत नसत, साधारण निम्मेच. बाकीचं पाप नंतरच्यांचं आहे.

अर्थात बाहेर वळलेला पाय आधीपासून रुबाबाचा होताच. तलवारबाजीत, उभं राहण्यात, पोटरी दाखवण्यात. लूव्रमध्ये रिगोने १७०१ साली काढलेलं लुईचं ते प्रचंड चित्र बघा. ६३ वर्षांचा म्हातारा, दात पडलेले, आणि झगा बाजूला सारून पांढरे मोजे घातलेले पाय अगदी नर्तकासारखे रोवून उभा आहे. टाचा लाल.

त्याच्या दरबारात नाच न येणं म्हणजे काय, याचा एक नमुना सेन-सिमोंच्या आठवणींत आहे. १६९२च्या एका शाही लग्नाच्या नाचात मोंब्रों नावाच्या तरुणाने आधी बढाई मारली आणि मग ताल सोडला. लोक हसले. सावरायला म्हणून त्याने आणखी हातवारे केले, लोक आणखी हसले. त्यानंतर बराच काळ त्याला तोंड लपवून राहावं लागलं.


चार_तारा:

मी व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे या गोष्टीत माझी बाजू ठरलेली आहे. १६६१ची नृत्य अकादमी कुणी काढलीच नाही अजून!

तोवर पॅरिसमध्ये नाच शिकवायचा हक्क वादकांच्या जुन्या संघाकडे होता, सेंट ज्युलियनच्या नावाचा. नृत्यगुरू आणि व्हायोलिनवादक एकच माणूस असायचा. वर बोज्वायो बघा ना, मूळ वादकच. लुईने १६६१मध्ये १३ नृत्यगुरू निवडले आणि त्यांना वेगळी अकादमी दिली. हुकुमात कारण दिलंय की मागच्या लढायांच्या गोंधळात नाचात भेसळ शिरली, आणि नाच उमरावांना युद्धकाळी फौजेत व शांततेत राजाच्या बॅलेंत उपयोगी आहे. संघाचा प्रमुख द्युमानवार भडकला. व्हायोलिनशिवाय नाच उभा तरी राहील का, असं म्हणत त्याने १६६४मध्ये संगीत आणि नृत्याच्या लग्नावर पुस्तिकाच छापली.

आणि हे १३ विद्वान राजवाड्यात बसायचे असं वाटलं असेल तर, नाही. ते 'लाकडी तलवार' नावाच्या मद्यगृहात जमायचे. आम्हा वादकांना नावं ठेवत असतील बहुतेक.


उशिरा_सुचलेली:

म्हणजे आमच्या बाईंच्या शिस्तीचा उगम गुत्त्यात! हे मी उद्याच सांगणार.

एक राहिलंच. यात बाया कुठे गेल्या? राणी लुईज नाचली, १६ प्रांत नाचले, आणि मग एकदम सगळीकडे पुरुषच. आणि राजाने सोडलं कधी?


टाचणी:

बाया दरबारात नाचतच होत्या. मंचावर धंदा म्हणून नाचायला मात्र वेळ लागला. पॅले रॉयलमध्ये नाचातल्या स्त्रीभूमिका मुखवटे लावलेले पुरुष करायचे. जानेवारी १६८१मध्ये ल्युलीचा 'प्रेमाचा विजय' सेंट-जर्मेनच्या राजवाड्यात झाला, त्यात उच्चकुलीन स्त्रिया नाचल्या. मे महिन्यात तोच पॅरिसच्या मंचावर आणायचा तर त्यांची जागा कोण घेणार? राजकन्या तिकीट लावून थोड्याच नाचणार. म्हणून पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी उतरल्या, पुढे मादमोझेल द लाफोंतेन. शंभर वर्षं बॅले करून झाल्यावर.

राजाने सोडलं १६७०च्या आसपास. लोक एक झकास गोष्ट सांगतात, की रासीनच्या नाटकात रोमचा नीरो लोकांपुढे मिरवतो म्हणून त्याला टोमणा होता, तो लुईला लागला आणि त्याने नाच टाकला. मला ती फारशी पटत नाही. ३१ वर्षांचा होता, अंग सुटत चाललं होतं, आणि त्या फेब्रुवारीतल्या बॅलेच्या छापील पुस्तिकेत नेपच्यून आणि अपोलो म्हणून त्याचंच नाव आहे. प्रत्यक्षात तो नाचला की ऐनवेळी दुसरे उभे केले, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. नाटकाने घायाळ झालेला माणूस दोन महिन्यांनी दोन देवांच्या भूमिका लावून घेत नाही.


पाचवं_पाऊल:

पटलं. मला वाटतं सोडायला कारण लागलंच नाही. १६५३मध्ये सरदारांबरोबर नाचताना बोशांसारखे धंदेवाले मुखवट्याआड त्याच मेळ्यात असायचे. वीस वर्षांत त्यांची उडी एवढी उंच गेली की शेजारी उभं राहणं कुठल्याही उमरावाला जड जावं. ज्या राजाने १३ तज्ज्ञ नेमून नाच अवघड करून घेतला, त्यालाच खाली बसावं लागलं. मग मात्र तुमच्या प्रश्नातलं चित्र तयार झालं, राजा बसलाय आणि इतर नाचताहेत.


उशिरा_सुचलेली:

सगळ्यांचे खूप आभार. आज वर्गात पहिल्या स्थितीत उभं राहताना सज्ज्यातून कुणी बघतंय असं वाटत होतं, तोल गेला.

शेवटचं विचारते. त्या डॉल्फिनचं काय झालं? मूल झालं का राणीला?


पाचवं_पाऊल:

नाही झालं.

ज्याच्या लग्नात बॅले झाला तो ज्वायज सहा वर्षांनी कूत्राच्या लढाईत मारला गेला, समोर नवारचा हेन्री होता, तोच प्रेमाच्या स्वर्गातून नरकात ओढलेला. १५८९मध्ये एका धर्मवेड्या साधूने तिसऱ्या हेन्रीला भोसकलं. युवराज नव्हता म्हणून गादी नवारच्याच हेन्रीकडे गेली.

लुईज शेनोंसोच्या वाड्यात जाऊन राहिली. विधवा राण्यांच्या रिवाजाप्रमाणे पांढरी वस्त्रं नेसायची, म्हणून लोक तिला पांढरी राणी म्हणत. तिची खोली तिथे दाखवतात. बाहेर नदीवर ऊन पडलेलं असतं आणि आत छत काळं, त्यावर चंदेरी अश्रू रंगवलेले. मी गेलो तेव्हा एक लहान मुलगी वर मान करून ते मोजत होती, आई हाका मारत होती तरी हलत नव्हती.